उणे तीस

लेगिनीने यंत्राच्या पाठीवरचं बटण तीनदा दाबलं, पडद्याच्या कोपऱ्यातलं 'उणे तीस' घालवून तिथे शून्य आणलं, आणि ओढणीच्या टोकाने भिंग पुसत असल्यासारखं करत बाजूला झाली. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम इतक्या चटकन उरकलं, म्हणून तिला थोडं फसवल्यासारखंच झालं.

"बू, किती पुसाल ते भिंग," कुसनादी दारातून म्हणाला. मोठ्या बाईला इथे 'बू' म्हणतात, साहेबांना 'पाक'. त्याच्या दोन्ही काखांत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. "डॉक्टरसाहेब काही त्यात तोंड बघणार नाहीत."

"बघतील," लेगिनी म्हणाली. "आज नक्की बघतील."

कुसनादी हसला आणि खुर्च्या मांडायला गेला. अठ्ठावीस वर्षांचा हा पोरगा चौकीवरचा तिचा एकुलता एक सहकारी. कामाला चोख, पण जगात कोणी कोणाचं वाईट चिंतत असेल यावर त्याचा अजून विश्वास नव्हता. त्याच्याकडे बघून लेगिनीला कधी कधी दया यायची.

चौकी म्हणजे सांगकाल या ज्वालामुखीच्या पश्चिम खांद्यावरच्या तीन खोल्या, एक भोंगा, आणि अंगणात कमरेएवढा सिमेंटचा खांब. खांबावर यंत्र. समोर सांगकाल, डोक्यातून धुराची बारीक रेघ सोडत बसलेला. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे 'आजोबा' म्हणतात. आणि आजोबांच्या पोटात गडबड सुरू झाली की 'पेटला', 'फुटला' असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. 'आजोबांकडे कार्य आहे' म्हणायचं. कार्य असलं की पाहुणे येणार, पाहुणे आले की वाट मोकळी हवी, म्हणून आपण मुकाट्याने खाली उतरायचं.

आजोबांकडे कार्य कधी निघणार हे आधी ओळखणं, ही लेगिनीची नोकरी. सव्वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. चार किलोमीटर वर, डोंगराच्या अंगावर, काचेचे तीन लोलक खांबांवर रोवलेले आहेत. लोलक असे कापलेले की प्रकाश कुठूनही येवो, आल्या वाटेने त्याला परत पाठवतात. यंत्रातून लेसरचा किरण सुटतो, लोलकावर जाऊन आपटतो, परत येतो, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून यंत्र अंतर सांगतं, अगदी मिलिमीटरपर्यंत. आजोबांनी छाती फुगवली की लोलक चौकीकडे सरकतो आणि अंतर कमी होतं. झालं, एवढंच.

एवढंच, पण ते जमायला अर्धं आयुष्य जातं. किरण निघतो तेव्हा सुतासारखा असतो, वर पोचेपर्यंत चटईएवढा पसरतो, आणि परत येतो तो त्यातला चिमूटभर. धुकं मध्ये आलं की तोही नाही. लोलकावर राख बसली तरी नाही. ऊन चढलं की हवा थरथरते आणि आकडे नाचायला लागतात. हवा एका अंशाने गरम असली की चार किलोमीटरमागे चार मिलिमीटरचा फरक. म्हणून तापमापक सावलीत धरायचा, हवेचा दाब बघायचा, दोन्ही आकडे यंत्राला द्यायचे. आणि शेवटी काच. काचेत प्रकाशाची चाल मंदावते. किरण लोलकाच्या पोटात जरा रेंगाळतो आणि यंत्राला वाटतं, हा लांबून आला. ते रेंगाळणं वजा करावं लागतं. सांगकालवरच्या लोलकांचं तीस मिलिमीटर. शहरातल्या संस्थेचे लोलक वेगळ्या घडणीचे, त्यांच्यात काही वजा करायचं नसतं, तिथे शून्य.

तर ते शून्य आज लेगिनीने इथे आणून बसवलं होतं.

कारण साडेसहाला डॉक्टर प्रास्तोवो येणार होते. संस्थेचे प्रमुख, पुढच्या आठवड्यात निवृत्त. निरोपाआधी एकदा प्रत्येक चौकीवर जाऊन स्वतःच्या हातांनी मोजणी करायची अशी त्यांना हौस आली होती. दिवसातली पहिली मोजणी माझ्यासाठी ठेवा, असा निरोप होता. सरपंच, शाळेतले मास्तर, दोन छायाचित्रकार, आणि सरपंचांच्या घरून आलेला पिवळ्या भाताचा उंच डोंगर, ज्याचा शेंडा डॉक्टरांनी कापायचा. कालचा आकडा कुसनादीने फळ्यावर ठसठशीत लिहिला होता: लोलक दोन, ४२१२.३४७ मीटर.

लेगिनीचा बेत साधा होता. शून्यामुळे अंतर तीन सेंटिमीटर जास्त येणार. सगळ्यांसमोर डॉक्टर मोठ्याने वाचणार, आणि एका रात्रीत आजोबा आक्रसले असं जाहीर होणार. कुसनादीसुद्धा तोंड लपवून हसेल. मग लेगिनी पुढे होऊन हळूच म्हणणार, 'यंत्र खोटं बोलत नाही, बाईसाहेब, यंत्रासमोरचा माणूस चुकतो.' नाही, 'साहेब' म्हणायचं. 'बाईसाहेब' हे त्यांचं होतं, तेरा वर्षांपूर्वीचं.

आकडा वाढवायचा हे तिने मुद्दाम ठरवलं होतं. उलट केलं असतं, अंतर कमी दाखवलं असतं, तर गाव उगाच पळालं असतं, आणि उगाच पळालेलं गाव पुढच्या वेळी जागचं हलत नाही. सूड तिला एका माणसावर घ्यायचा होता, गावावर नाही. शिवाय तापमान आणि दाब तिने आजही नेमके भरले होते. सूड घेतानासुद्धा तापमापक उन्हात धरणं तिच्याच्याने झालं नसतं.

तेरा वर्षांपूर्वी, अशाच एका सकाळी, तिच्या यंत्राने अंतर तीन सेंटिमीटर कमी दाखवलं होतं. तिने शहरात कळवलं. तेव्हा अजून प्रमुख न झालेले प्रास्तोवो जीपमधून आले ते स्वतःचं नवंकोरं यंत्र घेऊनच. तिचं जुनं बाजूला ठेवलं, आपलं खांबावर चढवलं, आणि आकडा आला कालच्याइतकाच. जराही फरक नाही. त्यांनी तिच्या नोंदवहीत तिच्या आकड्यावर लाल शाईची रेघ ओढली, बाजूला लिहिलं, 'तापमापक उन्हात', आणि सगळ्यांसमोर ते 'यंत्र खोटं बोलत नाही, बाईसाहेब' टाकलं. लेगिनीचा तापमापक आयुष्यात कधी उन्हात गेला नव्हता. पण ती बारावी आणि ते डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या नवऱ्याने, पार्दीने, पाठीला टोपली बांधताना विचारलं होतं, वर जाऊ का गवताला. गाईंना घालायला घरात काडी नव्हती. ती चुलीशी होती. मान न वळवता म्हणाली, "जा. डॉक्टरांनी स्वतः मोजलंय."

दहा वाजता राखेचा गरम ढग सेंतोंगच्या ओढ्यातून खाली आला.

चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की चौकीवरच्या नोंदी विसंगत होत्या. काही महिन्यांनी कपाट आवरताना त्याच अहवालाला मागे डकवलेली डॉक्टरांच्या यंत्राची चिठ्ठी तिच्या हाती आली. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लोलकाचा आकडा छापलेला: शून्य. यंत्र शहरातून आलं होतं, शहराचं शून्य पोटात घेऊन, आणि ते बदलायचं साहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबा तीन सेंटिमीटर पुढे आले होते, शून्याने त्यांना तीन सेंटिमीटर मागे ढकललं, आणि बेरीज-वजाबाकी होऊन आकडा कालचाच. लेगिनीने दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, की प्रकरण बंद झालेलं आहे.

तिच्यासाठी ते त्या दिवशी उघडलं. रोज सकाळी उणे तीसकडे बघताना ती त्याला थोडं थोडं मीठ लावत आली होती.

डॉक्टर वेळेवर आले. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण चालणं तेच, जमीन आपल्या नावावर असल्यासारखं. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, भाताच्या डोंगराचं कौतुक केलं, आणि लेगिनीला म्हणाले, "तुम्ही अजून इथेच का?"

"आजोबा हलले नाहीत, पाक," ती म्हणाली. "मग मी कुठे जाऊ?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. त्यांना काही आठवत असल्याचं तोंडावर दिसलं नाही, आणि ते लेगिनीला सगळ्यात जास्त लागलं. माणूस विसरतो तरी कसा?

सगळं लावून ठेवलंय ना, त्यांनी विचारलं. हो, ती म्हणाली, तापमान, दाब, सगळं. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी कोट सावरला, दुर्बिणीला डोळा लावला, लोलक शोधायला जरा जास्तच वेळ घेतला, आणि बटण दाबलं. यंत्राने बारीक शीळ घातली. छायाचित्रकार वाकले. लेगिनीने ओठांवर वाक्य आणून ठेवलं. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती, जत्रेत पाळणा वर चढताना येते तशी.

"चार हजार दोनशे बारा," डॉक्टरांनी मोठ्या आवाजात वाचलं, "दशांश तीन... चार... सहा."

कुसनादीने फळ्यावर लिहिलं. वर ३४७, खाली ३४६. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. एका मिलिमीटरचा फरक. आजोबा गाढ झोपलेत, डॉक्टर म्हणाले, आणि माझाही हात अजून थरथरत नाही बघा.

लेगिनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून उभी राहिली.

आकडा तीन सेंटिमीटर वाढून यायला हवा होता. आला नाही. शून्य तर तिथेच होतं, तिने स्वतः बसवलेलं. म्हणजे तीन सेंटिमीटर दुसरीकडून कमी झाले होते. रात्रीत. डोंगराकडून.

आणि गवत कापणारे वर होते.

पार्दी गेल्यापासून ती रोज पहाटे कुंपणाशी उभी राहून वर जाणारी माणसं मोजायची. कोणी सांगितलं नव्हतं, नोंदवहीत त्याला रकानाही नव्हता. रोज आधी मोजणी, मग तिच्या तोंडची परवानगी, मग माणसं वर. आज पहिली मोजणी साहेबांसाठी राखून ठेवली होती. साडेपाचला म्हाताऱ्या तुमियेमने कुंपणावरून विचारलं होतं, आजोबा झोपलेत का गं, आणि लेगिनी, मनात शून्य घोळवत, म्हणाली होती, "झोपलेत. जा."

तेच 'जा'. बत्तीस माणसं.

एक क्षण, फार नाही, एकच क्षण, तिला वाटलं की हळूच जावं, भिंग पुसण्याच्या निमित्ताने उणे तीस परत आणावं आणि म्हणावं, पाक, पुन्हा एकदा मोजता का. कोणाला काही कळलं नसतं. पण साहेब आता भाताच्या डोंगराकडे वळले होते, सुरी हातात होती, त्यांनी पुन्हा मोजलं नसतं. आणि ओढ्याच्या तोंडाशी धुक्याची पहिली जीभ वर सरकताना तिला दिसली. दहा मिनिटं. फार तर पंधरा.

"पाक, सुरी ठेवा," लेगिनी म्हणाली. "तो आकडा चुकीचा आहे. लोलकाचं शून्य लावलंय. मी लावलं, मुद्दाम."

सरपंच म्हणाले, काय बोलताय बू, पाहुण्यांसमोर. कुसनादी तिच्याकडे असा बघत राहिला जसं लहान मूल आईला चोरी करताना बघेल.

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमची फजिती करायला. ते मागाहून बोलू. आधी वर माणसं आहेत." तिचे हात तोवर यंत्राकडे गेले होते. शून्य गेलं, उणे तीस आलं. शीळ. ४२१२.३१६. ती बाजूला झाली, म्हणजे त्यांना स्वतः बघता यावं.

डॉक्टरांनी बघितलं. मग फळ्याकडे बघितलं. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते बरोबर होतं, हे लेगिनीला जास्तच झोंबलं. एका लोलकाने काही सिद्ध होत नाही. खांब खचला असेल, दगड सरकला असेल, दुसरा लोलक हवा. तिसरा राखेखाली गेल्याला दोन महिने झाले होते. राहिला पहिला. आणि पहिल्यासमोर धुकं पोचलं होतं.

लेगिनीने दुर्बीण तिकडे फिरवली. पांढरं. नुसतं पांढरं. डॉक्टर दोनदा पुढे झाले, बटण दाबा म्हणाले. तिने डोळा न हलवता डावा हात वर केला, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा, आणि संस्थेचे प्रमुख जागच्या जागी थांबले. धुक्याच्या थेंबांवर किरण मारून तेच थेंब मोजून मिळतात, किंवा काहीच मिळत नाही. वाट बघायची. या ओढ्यातलं धुकं एकसंध येत नाही, लाटांनी येतं, आणि दोन लाटांच्या मध्ये एक फट असते, चार-पाच श्वासांची. हे कुठल्या पुस्तकात नाही. सव्वीस वर्षांच्या सकाळींत आहे.

पांढरं विरळ झालं. त्यात एक काळा खांब उमटला, त्यावर एक ठिणगी. तिने श्वास रोखला आणि दाबलं.

शीळ.

"वाच," ती कुसनादीला म्हणाली, कारण तिला स्वतःला वाचवेना.

"तीन नऊ सहा आठ दशांश एक शून्य दोन." त्याने नोंदवही उघडली. "काल एकशे एकोणतीस होतं, बू. सत्तावीसने कमी."

दोन लोलक, दोन खांब, एकच गोष्ट. फट मिटली. आता दिवसभर यंत्र नुसतं खांबावर उभं राहणार होतं.

आणि त्या वेळी डॉक्टर प्रास्तोवोंना आठवलं. लेगिनीने ते होताना बघितलं. ते फळ्यावरच्या ३४६ कडे बघत होते, ज्या आकड्यात काहीच बदललेलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग वरून खाली उतरत गेला. ओठ हलले. शहरातलं यंत्र, जीप, लाल पेन, सगळं एकामागून एक येत असावं. तेरा वर्षं ती या चेहऱ्याची वाट बघत होती. तो तिला पोटभर बघायचा होता. पण भोंग्याची खोली अंगणाच्या पलीकडे होती, आणि ती धावली.

तिने भोंग्यात सांगितलं, आजोबांकडे कार्य निघालंय, पाहुणे वाटेत आहेत, सगळ्यांनी खाली या, टोपल्या असतील तिथे सोडा. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने फक्त नावं घेतली, एकेक, बत्तीस, कारण नाव ऐकल्याशिवाय भरलेली टोपली कोणी टाकत नाही हे तिला ठाऊक होतं.

बाहेर आली तेव्हा सरपंच गाव रिकामं करायला गेले होते, छायाचित्रकार पळाले होते. डॉक्टर शहराशी फोनवर बोलत होते, इशारा वाढवायला सांगत होते, लोलक एक आणि दोन, चौकीच्या निरीक्षकांची मोजणी, हो, मी समोर होतो. फोन ठेवून ते यंत्राजवळ आले.

"आकडा कोणी बदलला ते अहवालात येणार," ते म्हणाले. "मला लिहावंच लागेल. नोकरी जाईल तुमची."

"लिहा," लेगिनी म्हणाली. "दोन्ही वेळचं लिहा."

त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, जुन्या नोंदवह्या कुठे असतात. तिने कपाटाकडे बोट दाखवलं. ते आत गेले. कपाटाचं दार करकरलं, मग कागदांचा आवाज, मग काहीच नाही. ठेवणीतलं वाक्य अजून तिच्या जिभेवर होतं. आत जाऊन म्हणता आलं असतं. आता ते दोघांनाही लागू पडत होतं.

ती कुंपणाशी गेली.

माणसं धुक्यातून उतरायला लागली होती. आधी तरणी, मग बायका, कोणाच्या पाठीवर अर्धी टोपली, कोणाच्या हातात नुसता विळा. ती मोजत होती. सतरा. अठरा. कुसनादी येऊन बाजूला उभा राहिला आणि तोही मोजायला लागला. तुमियेम म्हातारी गळ्यापर्यंत भरलेली टोपली घेऊन रमतगमत आली. भोंग्यात नाव घेऊन सगळ्या डोंगराला ऐकवायची काय गरज होती, म्हणाली, मी काय बहिरी आहे. मग तिची नजर अंगणातल्या भाताकडे गेली. एवढा भात करून ठेवलाय आणि कोणी शिवलंही नाही, असं पुटपुटत तिने विळ्यानेच बुडातून एक ढेकूळ कापलं, केळीच्या पानावर घेतलं आणि खात खात गावाकडे निघाली.

शेवटचा आला तो तुमियेमचा जावई, लंगडत.

"बत्तीस," कुसनादी म्हणाला. "झाले, बू. चला आता."

डोंगरात कुठेतरी, धुक्याच्या पलीकडे, कोणी जड कपाट सरकवावं तसा आवाज झाला आणि सेंतोंगच्या ओढ्याने उतरत गेला. दिसलं काही नाही. कुंपणाच्या तारेवर, खुर्च्यांवर, भाताच्या न कापलेल्या शेंड्यावर करडी भुकटी पडायला लागली.

"बू, चला ना."

"हो," लेगिनी म्हणाली, आणि पार्दी जिथून वर गेला होता त्या वाटेकडे बघत आणखी थोडा वेळ उभी राहिली.